आमच्या आळीतली आळी: फुटपाथवरच्या झाडांच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

सुरुवात खरं तर मागच्या मे महिन्यातच झाली होती, भाजीच्या दोन पिशव्या घेऊन चौकातून घरी येताना तीनदा थांबले आणि तिन्ही वेळा इस्त्रीवाल्या मामांच्या झाडाखालीच थांबावंसं वाटलं कारण बाकी सावलीच नव्हती. पण लिहायला आज बसले. लिहिलं नाही की माझं सगळं तीन आठवड्यांत विरून जातं, घरातले साक्षीदार आहेत.

जागा: कोथरूडमधली आमची गल्ली, साधारण सव्वादोनशे मीटर, फुटपाथ एकाच बाजूला. सासूबाई पेठेत वाढल्या त्यामुळे त्या अजून गल्लीला आळीच म्हणतात, आणि मी झाडांच्या आळ्यांबद्दल, म्हणजे बुंध्याभोवतीच्या पाणी धरणाऱ्या मोकळ्या मातीबद्दल, बोलले की त्यांना वाटतं गल्लीबद्दल बोलतेय.

आज मी आणि लेकानं (वय ११, टेप त्याच्याच हातात हवी) मोजणी केली. उभी झाडं ११. पर्जन्यवृक्ष ३, गुलमोहर २, सोनमोहर २, कडुनिंब १ आणि तो शिडशिडीत सरळसोट अशोक, जो खरा अशोक नाहीच, तो ३. त्यातल्या ७ झाडांच्या बुंध्याला काँक्रीट नाहीतर पेव्हर ब्लॉक अगदी चिकटून. एक बोट जाईल एवढी पण फट नाही. शिवाय कधीतरी झाड होतं आणि आता गुटख्याच्या पुड्या आहेत असे रिकामे खड्डे ५.

मी मनात ठरवलं होतं की वीस तरी झाडं लावायची. वीस कुठे लावणार होते देव जाणे.

१९ जानेवारी

फुटपाथची रुंदी: सगळ्यात जास्त ७ फूट, आमच्या गेटपाशी ४ फूट ९ इंच. इंडियन रोड्स काँग्रेसचा पादचाऱ्यांसाठीचा नियम आहे (आयआरसी १०३, २०१२ ची आवृत्ती), त्यात चालायला मोकळी जागा कमीत कमी १.८ मीटर हवी म्हणतात, म्हणजे जवळजवळ ६ फूट. आमच्या फुटपाथला झाड न लावताच ती बऱ्याच ठिकाणी मिळत नाही. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या आजी वॉकर घेऊन संध्याकाळी निघतात, त्यांच्या वाटेत मी तीन फुटांचा खड्डा करून ठेवला तर त्या रस्त्यावर उतरणार, आणि वर पर्यावरणप्रेमी म्हणून मिरवणार मी. नको.

म्हणजे नवीन खड्डे नाहीत. रिकाम्या ५ पैकी रुंद भागातले ३ घ्यायचे. आणि त्याच्याआधी आहेत त्या ७ झाडांचे गळे सोडवायचे. नवरा म्हणाला, एवढ्यासाठी एक्सेल शीट केलीस? केली.

३ फेब्रुवारी, सोमवार

हाफ डे टाकून उद्यान विभागात अर्ज घेऊन गेले. फुटपाथ आपला नाही, महापालिकेचा आहे, त्यामुळे "झाडच तर लावतेय" म्हणून कोणी खणायला घेऊ नये, खाली महावितरणची केबल, पाण्याची लाइन, गॅसची लाइन, काय काय असतं. अर्जाला नकाशाच जोडला नव्हता. चूक माझी, परत आले.

१० फेब्रुवारी

परत गेले. या वेळी नकाशा (लेकानं काढलेला, चेंबरच्या झाकणांसकट, माझ्यापेक्षा सुबक), प्रत्येक झाडाचा फोटो, आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१३ च्या आदेशाची प्रत. तो आदेश दिल्लीच्या प्रकरणातला आहे, झाडाच्या भोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा असं सांगणारा. तिथल्या साहेबांनी तो वाचलेलाच होता. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "मॅडम, लावाल हो, मार्चमधे पाणी कोण घालणार?" मी म्हटलं मी. "आणि पुढच्या मार्चमधे?" मी परत म्हटलं मी, पण आवाज जरा बारीक झाला असणार.

अटी: बुंध्याजवळ ब्रेकर मशीन लावायचं नाही, हातानं फोडायचं. मुळाला कुऱ्हाड नाही. रोप सहा फुटांच्या वरचं. खणण्याआधी केबल कुठून जाते ते बघून घ्यायचं. मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच रीतसर आणि शहाणं बोलणं झालं.

तिथेच कळलं की १९७५ च्या झाडांच्या कायद्यात (महाराष्ट्राच्या शहरी भागासाठीचा) झाड "तोडणं" याच्या व्याख्येत जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं पण येतं. म्हणजे खिळे ठोकणारे आणि मुळं छाटणारे पण त्यात आले की. हे सेक्रेटरी काकांना सांगायचंय, त्यांनी सोसायटीचा बोर्ड कडुनिंबावर ठोकलाय.

२ मार्च

परवानगीचं पत्र हातात. गवंडी आणि बिगारी अशी जोडी ठरवली, दोन दिवसांचे ३,८००. सोसायटीच्या ग्रुपवर वर्गणीचं टाकलं. ९ अंगठे आले, ४०० रुपये आले.

९ मार्च, रविवार

फोडायला सुरुवात. हा दिवस नीट लिहून ठेवते.

पहिलं झाड मामांचा पर्जन्यवृक्ष. छिन्नी-हातोडा, बाहेरून आत यायचं, बुंध्याकडून सुरुवात करायची नाही. ब्लॉक निघाले, खाली कच, त्याच्याखाली चार इंच काँक्रीट आणि ते फुटल्यावर खाली जे दिसलं ते बघून गवंडी पण थांबला. काँक्रीटच्या पोटाला चिकटून केसांसारखी बारीक मुळं, हजारो, सगळी आडवी, जाळीच. खाली जायचं सोडून काँक्रीटखाली जो थोडा ओलावा धरतो तिथेच सगळी पसरलेली. माती म्हणजे मुरूम, विटांचे तुकडे, एक चप्पल आणि मधेच जुन्या डांबराचा थर. ह्या राडारोड्यावर तीस-चाळीस फुटांचं झाड उभं आहे आणि मामांचा धंदा त्याच्या सावलीवर.

मामा इस्त्री सोडून घमेली उचलायला आले. "ताई, हे माझ्या वेळंला लावलेलं, तेव्हा भोवती माती होती, आम्ही चहाचा चोथा टाकायचो." काँक्रीट कधी झालं विचारलं तर म्हणाले, दर वेळी रस्ता झाला की थोडं थोडं जवळ आलं.

दुसऱ्या झाडाला, गुलमोहराला, जुना लोखंडी ट्री गार्ड. सालीनं गिळलाय अक्षरशः. गवंडी ओढून काढायला निघाला होता, ओरडलेच. आत गेलेला भाग ओढला तर साल सोलून निघते आणि बुरशीला दार उघडं. बाहेर दिसतं तेवढं हॅकसॉनं कापलं, आतलं राहू दिलं. त्यात दीड तास.

दिवसअखेर ३ झाडं झाली. मी अंदाज ७ चा धरला होता.

१६ मार्च

आणखी २. एकूण ५. उरलेल्या २ पैकी एकाच्या बाजूला केबल इतकी वर आहे की हात लावला नाही, दुसऱ्यावर कोणाची तरी गाडी कायमची उभी असते आणि ती कोणाची ते कोणालाच माहीत नाही.

आळी कशी केली: माती ब्लॉकच्या पातळीपेक्षा दोन-अडीच इंच खाली ठेवायची, नाहीतर पहिल्याच पावसात सगळा चिखल फुटपाथवर आणि शिव्या आपल्याला. बुंध्यापाशी मातीचा ढीग घालायचा नाही, मुळं जिथून फाकतात तो भाग उघडा दिसला पाहिजे. जाड मुळं दिसली तर त्यांच्या मधे मधेच पहारीनं माती सैल करायची. वर पालापाचोळा.

एक घोळ. कडेला वीट उभी लावून सुंदर कठडा केला होता, आणि संध्याकाळी टाकी ओव्हरफ्लो झाली तर पाणी मस्त कठड्याच्या बाहेरून वाहून गेलं. झाडाला वळसा घालून गटारात. सगळ्या विटा काढून जमिनीशी सपाट बसवल्या. गवंडी काही बोलला नाही, पण हसत होता.

३० मार्च, गुढीपाडवा

काम नाही. कडुनिंबाची पानं न्यायला लोक आले आणि पहिल्यांदाच बऱ्याच जणांनी खाली बघितलं. "अरे, हे उघडं कोणी केलं?"

१३ एप्रिल

नर्सरी. नर्सरीवाला म्हणे कोनोकार्पस घ्या, ताई, दोन वर्षांत भिंत होते, पाणी नको, काही नको. पण गुजरातनं २०२३ मधे त्याची लागवड बंद केली ती उगाच नाही, मुळं पाइपात आणि गटारात घुसतात आणि फुलोऱ्याचे परागकण लोकांना त्रास देतात. त्यानं मग सप्तपर्णी दाखवली. तिचा ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला वास मला पहिल्या मजल्यावर झोपू देणार नाही.

मला काय हवं हे ठरवताना बराच वेळ गेला. वड, पिंपळ, उंबर फुटपाथला नकोच, पाच वर्षांनी भिंत फोडतील आणि मग तोडायला कोणी धजणार नाही, पूजा सुरू झालेली असेल. वर विजेच्या तारा आहेत तिथे मोठं होणारं काही नको. पारिजातक, सोनचाफा मला फार आवडतात पण आमच्या भागात पहाटे साडेपाचला काठीला हुक लावून, पिशवी घेऊन फिरणारी जी मंडळी आहेत (देवासाठी हो, चोरी नाही ती!) त्यांच्यापुढे नवं रोप टिकणार नाही. त्यामुळे मी चक्क अशी झाडं शोधली ज्यांची फुलं सहसा कोणी परडीत घालत नाही.

ठरलं: १ ताम्हण, १ बहावा आणि तारांखाली १ कांचन. ताम्हण आपलं राज्यफूल, पण गल्लीत दहा जणांना विचारलं तर दोघांना ओळखता आलं, त्यातल्या एक सासूबाई.

मोठ्या झाडांच्या आळ्यात कडेला अबोली, कोरांटी आणि अडुळसा. अडुळशाला शेळी सहसा तोंड लावत नाही, हे मामांचं ज्ञान, आमच्याकडे दुपारी एक कळप जातो त्यामुळे महत्त्वाचं. जाड मुळं तोडून झुडपं लावायची नाहीत, जिथे हातानं उकरता येईल तेवढ्याच जागी.

२७ एप्रिल

पाण्याची परीक्षा. तिन्ही खड्डे तीन बाय तीन, खोली अडीच फूट (तिसरा फूट मारेपर्यंत बिगारी आणि मी दोघं संपलो). प्रत्येकात संध्याकाळी चार बादल्या ओतल्या. सकाळी ताम्हणाचा आणि कांचनाचा खड्डा कोरडा, बहाव्याच्या खड्ड्यात मात्र पाणी तसंच, वर एक बेडूक पण नव्हता एवढंच. पहार मारली तर खाली परत डांबर! जुन्या रस्त्याचं असणार. ते फोडायला पूर्ण सकाळ गेली. हे बघितलं नसतं तर बहावा जुलैमधे खड्ड्यात बुडून मेला असता आणि मी म्हणत बसले असते की रोपच खराब दिलं.

४ मे

ऑफिसच्या रस्त्यावरचा बहावा पूर्ण पिवळा. बहावा फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस, असं आई म्हणायची, म्हणजे जूनच्या शेवटाला. त्या हिशोबानं लागवड ८ जून, आरामात.

२१ मे

कालच्या वळवात मागच्या गल्लीतला गुलमोहर आडवा. नशीब कोणाला लागलं नाही, एका स्कूटरचा चुराडा. सकाळी मुद्दाम बघायला गेले. मुळांची थाळी उभी राहिली होती, जेमतेम दीड फूट जाड, आणि तिच्या खालची बाजू इतकी सपाट की तव्यासारखी. काँक्रीटची कड गोल बुंध्याभोवती जशीच्या तशी. तिथे जमलेले सगळे म्हणत होते गुलमोहर कमकुवतच असतो, बाहेरचं झाड ना ते, मादागास्करचं. असेल. पण ह्याला दीड फुटाच्या खाली जायला जागाच नव्हती, हे कोणीच म्हणेना. मी म्हटलं, तर एक काका म्हणाले तोडूनच टाकायला पाहिजेत सगळे.

संध्याकाळी आमच्या दोन गुलमोहरांच्या फांद्यांचा भार कमी करण्यासाठी छाटणीचा अर्ज केला. स्वतः कोयता घेऊन चढायचं नाही, परवानगी लागते.

२७ मे

मान्सून काल मुंबईत पोचला पण! २६ मेला! आपल्याकडे पण धो धो. माझं एक्सेल, आईचा बहावा, सगळं बाराच्या भावात. खड्डे उघडे आहेत, पाण्यानं भरलेत, रात्री कोणी पडू नये म्हणून भोवती खुर्च्या आणि लाल साडी बांधून ठेवलीय. साडी सासूबाईंची, त्यांना अजून माहीत नाही.

१ जून, रविवार

उघडीप मिळाली तशी लागवड उरकली. एक घमेलं शेणखताला दोन घमेली माती, दोन मुठी निंबोळी पेंड (वाळवीसाठी). पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही. ताम्हणाची मुळं पिशवीत गोल गोल फिरलेली होती, ती बोटांनी मोकळी केली, नाहीतर ती जमिनीत पण तशीच गोल फिरत राहतात आणि मोठेपणी झाड स्वतःलाच आवळतं. काठ्या दोन, दोन्ही बाजूंना, आणि सुतळी आठच्या आकड्यासारखी, सैल.

खर्च: रोपं तीन १,३५०, बांबूचे ट्री गार्ड १,२००. लोखंडी घेतले नाहीत, गुलमोहराची साल आठवली.

१० जून, वटपौर्णिमा

गल्लीत वड नाही हे किती बरं.

६ जुलै, आषाढी एकादशी

ताम्हणाला चार नवी पानं. कांचनाला पाच. बहावा ढिम्म.

३ ऑगस्ट

बहाव्याला पालवी आली आणि आठवड्याभरात अर्धी गायब. हिरव्या अळ्या. समोरच्या काकू म्हणाल्या फवारणी करा, आमच्या गॅलरीत येतील. मी सासूबाईंना सांगायला गेले की आळीतल्या आळ्यात अळी झालीय, आणि मग बराच वेळ आम्ही दोघी नुसत्या हसत होतो.

फवारलं नाही. ती पिवळट पांढरी फुलपाखरं असतात ना, पावसाळ्यात एका दिशेनं भुरभुर जाणारी, त्यांच्या ह्या अळ्या. बहावा हेच त्यांचं खाणं. काकूंना सांगितलं पंधरा दिवस थांबा.

१७ ऑगस्ट

पानं परत आली. काकूंनी एक फुलपाखरू गॅलरीत बघितलं, फोटो ग्रुपवर टाकला, मथळा "आमचा बहावा".

२१ ऑगस्ट, गुरुवार

वाईट दिवस. ऑफिसमधून आले तर केबल टाकायला फुटपाथ खणलेला, ताम्हणाच्या आळ्यातून सरळ चर गेलेला आणि रोप राडारोड्याच्या ढिगाखाली, ट्री गार्ड पलीकडच्या भिंतीला टेकवून. म्हणजे गार्ड जपून काढून ठेवला आणि झाड गाडलं.

मुकादमाला शोधला. भांडायला गेले होते, पण तो पोरगा विशीतला, म्हणाला मॅडम आम्हाला नकाशात लाइन देतात, झाडाचं काही लिहिलेलं नसतं. त्यानं स्वतः ढीग हातानं उपसला. एका बाजूची मुळं साफ कापलेली. परत उभं केलं, वरच्या फांद्या थोड्या कमी केल्या, पाणी घातलं, सावलीला गोणपाट.

घरी येऊन कोणाशी बोलले नाही.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. मंडळाच्या पोरांशी आधीच बोलून ठेवलं होतं, मांडवाचा खांब कांचनाच्या आळ्यापासून दोन फूट सरकवला त्यांनी, कुरकुर न करता. पण शुभेच्छांचा फ्लेक्स गुलमोहरावर खिळ्यांनीच ठोकला! अध्यक्षांना घेऊन गेले, सुतळीनं बांधून घेतला. ते म्हणाले ताई, ह्यात आधीचेच किती आहेत बघा.

१४ सप्टेंबर

तेच आज मोजले. लेक, मंडळाची दोन पोरं आणि पक्कड. एका गुलमोहरातून २३ खिळे, ४ स्टेपल आणि एक अख्खा हुक. पुण्यात "अंघोळीची गोळी" नावाच्या संस्थेनं खिळेमुक्त झाडांची मोहीम काढली होती तेव्हा मला वाटायचं एवढं काय त्यात, दोन-चार खिळे असतील. कडुनिंबावरचा सोसायटीचा बोर्ड पण उतरवला. सेक्रेटरी काकांनी नंतर पाहिलं, म्हणाले "बरं, तारेनं बांधा." तारेनं नाही काका, तार पण रुतते. गेटला लावला शेवटी.

२८ सप्टेंबर

ताम्हण गेलं. खोडाची साल नखानं खरवडून बघितली, खालपर्यंत तपकिरी. ३८ दिवस वाट बघितली.

५ ऑक्टोबर

नवीन ताम्हण लावलं, तिथेच. पावसाळा संपत आलाय म्हणजे पाणी आपल्याला घालावं लागणार, तरी लावलं, रिकामा खड्डा परत कोणीतरी काँक्रीटनं भरेल ही भीती जास्त. या वेळी आळ्याच्या कडेला पिवळा ऑइल पेंट आणि पत्र्याची पट्टी, "खाली झाडाची मुळं आहेत, खणण्याआधी फोन करा". नंबर माझा. आत्तापर्यंत दोन फोन, दोन्ही भाड्यानं फ्लॅट आहे का विचारायला.

२ नोव्हेंबर

पाण्याचं वेळापत्रक: प्रत्येक नव्या रोपाला आठवड्यातून दोनदा १५ लिटर, हळूहळू. वीस लिटरच्या जुन्या जारला तळाशी सुईचं भोक, तो आळ्यात ठेवून द्यायचा, दोन-तीन तासांत आपोआप झिरपतं. गाड्या धुणाऱ्या दादाला सांगितलंय की शाम्पू नसेल त्या बादलीचं पाणी गटारात ओतू नकोस, आळ्यात ओत. मंगळवार मामांचा. शनिवार मंडळाचा, तो दोनदा चुकला.

१६ नोव्हेंबर

पालापाचोळा रोज गायब होतोय हे कोडं सुटलं. झाडणाऱ्या मावशी रोज आळी लख्ख झाडून काढतात. मी जाऊन सांगितलं की राहू द्या हो, तर म्हणाल्या, "राहू दिलं तर कचरा दिसतो म्हणून मला ओरडा बसतो, तुम्हाला नाही." बरोबरच आहे. त्यांच्या मुकादमाशी बोलले, पत्राची झेरॉक्स दिली. आता मावशी उलट रस्त्यावरची पानं आळ्यात लोटतात, त्यांचं पोतं हलकं होतं. दोन ठिकाणी त्यांनी आपणहून पायानं दाबून पण दिलीत.

२३ नोव्हेंबर, रविवार

मोजमाप. बहावा ७ फूट ४ इंच (लावला तेव्हा ६ फूट ६). कांचन ८ फूट. नवं ताम्हण जागच्या जागी, पण शेंड्याला दोन लाल कोंब. अबोली फुललीय, आणि पहाटेच्या पिशवीवाल्यांनी ती शोधून काढलीय.

कायम उभी असलेली गाडी हलली एकदाची, कोणीतरी घेऊन गेलं. तिथला सोनमोहर पुढच्या रविवारी फोडायला घ्यायचा, गवंड्याला फोन केला, तो गावाला आहे.

कांचनाची सुतळी काचायला लागलीय, खोड वाढलं. उद्या सकाळी सोडून परत सैल बांधायची. जुन्या सुती साडीची चिंधी सुतळीपेक्षा बरी, सासूबाईंना विचारून.